शेजाऱ्यांचा कुत्रा अंगावर येतो, त्याचं काय करायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. समोरच्या घरात एक मोठा कुत्रा आहे, वर्षभरापूर्वी तो वाढलेलाच आणला. दाराशी, जिन्यात, लिफ्टजवळ तुम्ही दिसलात की तो पट्टा ताणून अंगावर येतो. मागच्या आठवड्यात लिफ्टचं दार उघडताच त्याने तुमच्या पँटचा पाय तोंडात धरला. कापड फाटलं, अंगाला काही लागलं नाही. आठ वर्षांची मुलगी आता एकटी खाली जायला तयार नाही. शेजारी म्हणतात, "तो काही करत नाही, नुसता भुंकतो." आणि तुम्ही विचारलंय की काठी किंवा मिरचीचा स्प्रे जवळ ठेवू का, बिस्किटं देऊन त्याला आपलंसं करू का, की सरळ तक्रार करू?

मी कुत्र्यांच्या वर्तनावर काम करते, आणि माझ्याकडे येणारी बरीच प्रकरणं अशीच, एका मजल्यावर राहणाऱ्या दोन घरांची असतात. तुमच्या तीन पर्यायांचं उत्तर आधी देऊन टाकते. काठी आणि स्प्रे नको. बिस्किटं द्यायची, पण तुम्ही नाही. तक्रार जरूर करा, फक्त ती नेमकी कशाबद्दल करायची हे आधी ठरवा.

"तो काही करत नाही" हे वाक्य ऐकून तुम्हाला राग येतो, ते साहजिक आहे. पण शेजारी बहुधा खोटं बोलत नसावेत. घरात हाच कुत्रा पोट वर करून त्यांच्या पायाशी झोपत असेल. त्यांना दिसतो तो कुत्रा खरा आणि तुम्हाला दिसतो तोही खराच. म्हणून "तुमचा कुत्रा धोकादायक आहे", "नाही, तो गरीब आहे" हा वाद कितीही घातला तरी संपत नाही, आणि तोवर लिफ्टपाशी रोज तेच घडत राहतं. तो वाद सोडून द्या. तुमची खरी अडचण अशी आहे की अरुंद जागेत तुम्ही आणि तो कुत्रा अचानक समोरासमोर येता आणि दोघांनाही मागे सरायला जागा नसते. त्याचा स्वभाव बदलणं तुमच्या हातात नाही. पण ही गाठ पडू न देणं, आणि पडलीच तर पुरेशा अंतरावरून पडेल अशी सोय करणं, हे दोन घरांनी ठरवलं तर आठवड्याभरात जमू शकतं.

असं का होतं ते थोडं सविस्तर सांगते, कारण ते कळलं की शेजाऱ्यांकडे नेमकं काय मागायचं ते कळतं. माणसांच्या अंगावर येणारे बहुतेक कुत्रे मनातून घाबरलेले असतात. घाबरलेल्या कुत्र्याला लढायचं नसतं, निघून जायचं असतं. मोकळ्या मैदानात तो लांबून वळसा घालतो आणि प्रश्न तिथेच मिटतो. लिफ्टच्या दारात, आखूड पट्ट्याला बांधलेल्या अवस्थेत तो वळसा घालणार कुठून? मग उरतो एकच उपाय, समोरच्याला हाकलायचं. भुंकून, दात विचकून, झेप घेऊन.

यात घरांची रचना आणखी भर घालते. तुम्ही त्यांच्या दारावरून जाता, तो आतून भुंकतो आणि तुम्ही पुढे निघून जाता. तुम्ही जाणारच होता, पण त्याला वाटतं की आपण भुंकलो म्हणून हा माणूस गेला. कुरिअर देणारा येतो आणि जातो, साफसफाई करणारी बाई येते आणि जाते, वरच्या मजल्यावरची मुलं धावत जिना उतरतात. प्रत्येक वेळी तो भुंकतो, प्रत्येक वेळी माणसं जातात. दिवसभर हा सराव चाललेला असतो आणि दर वेळी त्याला यश मिळतं. मग एक दिवस दार उघडतं, मध्ये काहीच आडोसा नसतो, आणि वर्षभर पक्कं केलेलं तेच तो तुमच्यावर वापरतो. बंद दारामागच्या भुंकण्याला माणसं नुसता त्रासदायक आवाज समजतात. मी तो सराव समजते, आणि सगळ्यात आधी तो थांबवायला सांगते.

तो वाढलेला असताना आणला, हा तपशीलही महत्त्वाचा आहे. पिल्लू साधारण ३ ते १४ आठवड्यांचं असताना अनोळखी माणसं, मुलं, आवाज, यंत्रं यांना सहज सरावतं. त्या काळात ज्याने लिफ्टचं दार सरकताना पाहिलं नाही आणि लहान मुलांचा आरडाओरडा ऐकला नाही, त्याला हे सगळं मोठेपणी शिकवावं लागतं, आणि ते हळूहळू होतं. यात शेजाऱ्यांचा दोष नाही. ताणाची आणखी एक गोष्ट अशी की तो साठत जातो. सकाळी दचकलेल्या कुत्र्याचा ताण उतरायला कित्येक तास लागू शकतात. म्हणून कधी तो तुमच्याकडे बघून नुसता थबकतो आणि त्याच दिवशी संध्याकाळी झेपावतो. कुत्रा लहरी नसतो. दिवसभरात काय काय झालं ते आपल्याला माहीत नसतं इतकंच.

आणि दुखणं. कान, दात, सांधे, पाठ यांपैकी काही दुखत असलं की शांत कुत्राही जवळ येणाऱ्यावर तुटून पडतो. लिफ्टमध्ये नेहमी मुकाट बसणारा एक कुत्रा एकाएकी जवळ उभ्या राहणाऱ्यांना चावायला धावू लागला म्हणून मला बोलावलं होतं. पशुवैद्यांनी तपासल्यावर कानात आत जुना संसर्ग निघाला. तुमच्या शेजाऱ्यांनी कुत्र्याची पूर्ण तपासणी केली नसेल, तर प्रशिक्षकाच्या आधी ती व्हायला हवी.

आता धोका किती, हे कसं जोखायचं? इथे मात्र सगळं परिस्थितीवर अवलंबून आहे. पशुवैद्य आणि वर्तनतज्ज्ञ इयन डन्बार यांची सहा पायऱ्यांची एक मोजपट्टी आम्ही वापरतो. पहिल्या पायरीत कुत्रा भुंकतो, झेपावतो, हवेत चावतो, पण दात लागत नाहीत. दुसरीत दात कातडीला लागतात, भोक पडत नाही. तिसरीत एका चाव्यात एक ते चार उथळ भोकं पडतात. चौथीत दात खोल जातात, म्हणजे त्याने धरून ठेवलं किंवा झटका दिला. पाचवीत असे अनेक चावे, सहावीत मृत्यू. पहिल्या दोन पायऱ्यांवरच्या कुत्र्यांना शिस्तीने काम केल्यास चांगली आशा असते. तिसरीवर काम करता येतं, पण त्याला वेळ आणि सांभाळणाऱ्याची मोठी चिकाटी लागते. चौथीपासून पुढे असा कुत्रा सामाईक जिन्यात तोंडाला जाळी न लावता येताच कामा नये, आणि माझ्या मते माणसांच्या एवढ्या दाट वस्तीत त्याला ठेवणं योग्य आहे का, हा प्रश्न पशुवैद्यांसमोर उघडपणे मांडायला हवा.

तुमच्या बाबतीत कापड फाटलं, कातडी नाही. याला मी किरकोळ म्हणणार नाही. तो कातडीपर्यंत जायचं टाळत होता की नेम चुकला, हे एका प्रसंगावरून कोणालाच सांगता येणार नाही. म्हणून सावधगिरी चावल्यासारखीच घ्यायची, पण शेजाऱ्यांशी बोलताना "चावला" म्हणायचं नाही. घडलं तेवढंच सांगायचं. अतिशयोक्ती केली की पुढचं बोलणं तिच्यावरच अडकतं.

बोलायला जाल तेव्हा प्रसंग घडल्या घडल्या जाऊ नका आणि कुत्रा सोबत असताना तर मुळीच नको. दोघंही निवांत असाल अशी वेळ आधी विचारून घ्या. असा कुत्रा पाळणाऱ्यांचे हाल बाहेरून दिसत नाहीत. पहाटे कोणी नसताना फिरवायला नेणं, जिन्यात कानोसा घेत उतरणं, पाहुण्यांना घरी न बोलावणं असं त्यांचं चाललेलं असतं. "काही करत नाही" हे पुष्कळदा लाजेतून आलेलं असतं. तुम्ही आरोपाने सुरुवात केलीत तर ते बचावावर उतरतील. मी लोकांना साधारण असं बोलायला सुचवते: "मागच्या मंगळवारी लिफ्टपाशी त्याने माझी पँट धरली, तेव्हापासून मुलगी एकटी बाहेर पडत नाही. तुम्हालाही त्याला आवरताना त्रास होताना दिसतो. आपण दोघं मिळून जाण्यायेण्याचं काही ठरवू या का?" त्यानंतर थांबा आणि त्यांना बोलू द्या. बऱ्याच वेळा ते स्वतःच सांगतात की कोणत्या वेळी, कशामुळे तो जास्त बिथरतो. ती माहिती सोन्यासारखी असते.

मागणी मात्र मोघम नको. "जरा सांभाळा" या शब्दांनी काहीच बदलत नाही. त्यांच्या घराचं दार उघडण्याआधी कुत्रा आतल्या खोलीत बंद असेल किंवा दाराच्या आत लहान मुलांसाठी लावतात तशा जाळीच्या फाटकामागे असेल, हे मागा. बाहेर नेताना पट्टा आधी आतच लावायचा, माणसाने आधी बाहेर डोकावून बघायचं आणि मगच कुत्र्याने उंबरठा ओलांडायचा. गुंडाळला जाणारा, लांब होणारा पट्टा इमारतीत नको; साधा, आखूड, मजबूत पट्टा, आणि तो कुत्र्याला खरोखर आवरू शकेल अशा मोठ्या माणसाच्या हातात. लिफ्टमध्ये कोणी असेल तर पुढच्या फेरीची वाट बघायची. मुलीच्या शाळेची वेळ आणि त्याच्या फिरण्याची वेळ वेगळी करायची. निघण्याआधी एकमेकांना फोनवर दोन शब्द पाठवायचे, "आम्ही निघतोय". हे शेवटचं फारच साधं वाटतं, पण मी पाहिलेल्या प्रकरणांत सगळ्यात लवकर फरक याच्यामुळे पडला. घरातल्या घरात त्याची झोपायची जागा मुख्य दारापासून लांब हलवणं आणि बाहेरचे पावलांचे आवाज कमी ऐकू येतील असं बघणं, हेही त्यांना सुचवा. वर सांगितलेला दारामागचा सराव त्यानेच कमी होतो. जे ठरेल ते दोन-चार ओळींत लिहून एकमेकांकडे ठेवा.

तोंडाच्या जाळीला, म्हणजे मझलला, लोक नाक मुरडतात. तुम्ही मात्र ती आवर्जून मागा. पिंजऱ्यासारखी, आत तोंड उघडता येईल, धापा टाकता येतील, पाणी पिता येईल अशी हवी. कापडाची, जबडा घट्ट आवळणारी फिरायला नेताना चालत नाही, कारण कुत्रा अंग थंड ठेवतो ते मुख्यतः धापा टाकून. मात्र जाळी एका दिवसात चढवायची नसते. आधी तिच्यात खाऊ ठेवून त्याला स्वतः तोंड घालू द्यायचं, मग क्षणभर पट्टी लावायची, मग हळूहळू वेळ वाढवायची. यात काही दिवस ते काही आठवडे जातात. तोवर जिन्यातल्या वेळा सांभाळणं आणखी गरजेचं.

एक कळकळीची विनंती. त्याला मारा, ओरडा, धाक बसवा असं शेजाऱ्यांना सांगू नका, आणि कोणी "त्याला मालक कोण ते दाखवा" म्हणणारा प्रशिक्षक आणला तर सावध राहायला सांगा. या सल्ल्यामागची, कळपात एक वरचढ असतो आणि बाकीच्यांना दाबून ठेवतो, ही कल्पना प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी बंदिस्त लांडग्यांवर केलेल्या १९४७च्या निरीक्षणांतून रुजली. मोकळ्या रानातल्या लांडग्यांचा वर्षानुवर्षं अभ्यास करणाऱ्या डेव्हिड मेक यांनी १९९९ साली मांडलं की तिथला कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्लं, म्हणजे एक कुटुंब. कुत्र्याला तुम्ही दिसल्यावर मार बसला तर तो शिकतो की हा माणूस दिसला की आपल्याला दुखतं, आणि त्याची तुमच्याबद्दलची भीती वाढते. गुरगुरण्यासाठी मार खाल्लेला कुत्रा गुरगुरणं सोडतो, चावणं सोडत नाही. गुरगुर ही इशाऱ्याची सोय आहे. ती गेली की पुढचा चावा न सांगता येतो. तुमच्या काठीला आणि स्प्रेला मी नको म्हटलं ते याचसाठी. शिवाय बंद लिफ्टमध्ये मारलेला मिरचीचा स्प्रे तुमच्या मुलीच्या डोळ्यांतही जाईल.

बिस्किटांचं असं आहे. तुम्ही हात पुढे केलात तर भुकेमुळे तो जवळ येतो, खाऊ संपतो, आणि एकदम त्याच्या लक्षात येतं की आपण घाबरतो त्या माणसाच्या अगदी जवळ उभे आहोत. नेमक्या त्या क्षणी चावे होतात. म्हणून खाऊ त्याच्या माणसाने द्यायचा, आणि क्रम पाळायचा: आधी तुम्ही लांब दिसायचं, मग खाऊ सुरू, तुम्ही दिसेनासे झालात की खाऊ बंद. तुम्ही दिसणं ही त्याच्यासाठी चांगल्या गोष्टीची खूण व्हायला हवी. अंतर किती, ते कुत्राच सांगतो. तुम्हाला पाहूनही तो शांतपणे खात असेल तर अंतर बरोबर आहे. आवडता खाऊसुद्धा घेत नसेल किंवा टक लावून ताठ उभा असेल तर तुम्ही फार जवळ आहात. हे इमारतीबाहेर, मोकळ्या जागेत सुरू करायचं, जिन्यात नाही. तुमचं काम फक्त लांब उभं राहून त्याच्याकडे न बघता मोबाईल चाळत बसण्याचं. शेजारी तयार असतील तर आठवड्यातून दोनदा पाच-दहा मिनिटं एवढी मदत जरूर करा. बदलाला महिने लागू शकतात. आणि लक्ष्य तो तुमचा मित्र व्हावा हे ठेवू नका, तो तुमच्या बाजूने गप्प निघून जावा एवढंच ठेवा.

तरीही अचानक गाठ पडली तर? थांबा. पळू नका, पाठ फिरवू नका, डोळ्यांत डोळे घालू नका. अंग थोडं आडवं वळवा, हात अंगाशी ठेवा, आणि हलक्या आवाजात त्याच्या माणसाला म्हणा, "तुम्ही आधी जा, मी थांबतो." लिफ्टचं दार उघडताना दारासमोर उभं न राहता दोन पावलं बाजूला उभं राहायची सवय लावा, तुमची पँट धरली गेली ते त्या दारातच. पट्टा सुटून आला तर पिशवी किंवा दप्तर मध्ये धरा, त्याला काही तोंडात धरायचंच असेल तर ते धरू दे. खाली पडलात तर पोटाशी गुडघे घेऊन गोळा व्हा आणि दोन्ही हातांनी मान आणि कान झाका.

चावा बसला किंवा ओरखड्यातून रक्त आलं, तर पुढचं काही वाटाघाटीवर सोडायचं नाही. जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा. जागतिक आरोग्य संघटनेचाही हाच सल्ला आहे. मग त्याच दिवशी डॉक्टर. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, पण वेळेवर लस आणि गरज असेल तिथे इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, मिळालं तर आजार टाळता येतो. कुत्र्याच्या लसीकरणाचा कागद मागून घ्या आणि तो १० दिवस निरोगी राहतो का यावर लक्ष ठेवायला सांगा, पण त्या १० दिवसांची वाट बघत उपचार लांबवू नका. धनुर्वाताच्या इंजेक्शनचंही विचारा. हाताला चावा असेल तर जखम छोटी दिसली तरी दाखवाच, हाताच्या जखमा फार लवकर चिघळतात.

आता तक्रार. आजपासून एक वही करा: तारीख, वेळ, जागा, पट्टा कोणाच्या हातात होता, कुत्र्याने काय केलं, कोणी पाहिलं. मतं नकोत, घडलं तेवढं. फाटलेल्या कापडाचा फोटो ठेवा. शेजाऱ्यांनी बोलणं टाळलं किंवा ठरलेलं पाळलं नाही, तर हीच नोंद घेऊन सोसायटीच्या कमिटीकडे किंवा घरमालकाकडे लेखी जा. "कुत्रा काढा" ही मागणी घेऊन गेलात तर सभेत दोन तट पडतात आणि महिने जातात. त्याऐवजी सामाईक जागेत आखूड पट्टा, जाळी, सोबत मोठा माणूस आणि लिफ्टचा नियम हे मागा. त्याला नाही म्हणणं कोणालाही अवघड जातं. कुत्रा वारंवार मोकळा सुटत असेल, कोणाला खोल चावला असेल, किंवा न गुरगुरता थेट चावत असेल, तर मात्र समजावणी थांबवा आणि स्थानिक प्रशासन आणि पोलीस यांच्याकडे लेखी तक्रार द्या. त्यांचे नियम जागोजागी वेगळे असतात, म्हणून तिथला कायदा तिथल्याच वकिलाला विचारा.

राहिली तुमची मुलगी. "घाबरू नको, तो काही करणार नाही" असं तिला सांगू नका. तिने जे पाहिलं ते खरं आहे, आणि लहान मुलांना चावा बसतो तेव्हा तो पुष्कळदा चेहऱ्यावर किंवा मानेवर बसतो, कारण त्यांची उंचीच तेवढी असते. तिला कुत्र्याजवळ नेऊन भीती घालवायचा प्रयत्नही नको. त्यापेक्षा तिला करण्यासारखं काहीतरी शिकवा: कुत्रा दिसला की झाडासारखं उभं राहायचं, हात खाली एकमेकांत गुंफायचे, नजर स्वतःच्या पायांकडे, तोंडातून आवाज नाही, तो जाईपर्यंत मनात आकडे मोजायचे. घरात खेळासारखा याचा सराव करा, कधी तुम्ही कुत्रा व्हा, कधी तिला होऊ द्या. आणि नव्या वेळा नीट बसेपर्यंत, निदान पहिला महिनाभर, खाली जाताना तुमच्यापैकी कोणीतरी तिच्यासोबत असू द्या आणि कुत्र्याच्या बाजूला तुम्ही चाला.